मित्राच्या घरी फोन करताना

उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे, जर्नल मित्राकडे राहिलंय आणि त्याचा मोबाइल बंद लागतोय. हाताशी एकच नंबर आहे, त्याच्या घरचा. हॉस्टेलवर नव्याने राहायला आलेली मुलंमुली आणि परप्रांतातून येऊन मराठी शिकणारी मंडळी नेमकी इथे अडखळतात. ज्यांच्या शाळेतल्या दिवसांपासूनच प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन होता, त्यांना कोणाच्या 'घरी' फोन करायची वेळच आलेली नसते. मग एक तर फोन केलाच जात नाही, नाहीतर पलीकडून काकूंचा आवाज ऐकून गडबडीत "निखिल आहे?" एवढंच तोंडून निघतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

घरचा नंबर फिरवणं म्हणजे त्या घराचं दार वाजवणं. जो फोन उचलतो त्याने आपल्याला दार उघडलेलं असतं. दार उघडणाऱ्याशी न बोलता आपण थेट आतल्या खोलीत शिरत नाही, तसंच फोनवरही शिरू नये. पुढची सगळी पथ्यं यातूनच येतात, आणि ती लँडलाइनला लागू आहेत तशीच मित्राच्या आईच्या किंवा आजोबांच्या मोबाइललाही लागू आहेत. बऱ्याच घरांत आता तोच घरचा फोन झालाय.

आधी मित्राला विचारून ठेवा

नंबर घेताना दोन गोष्टी सोबतच विचारा: घरी फोन सहसा कोण उचलतं, आणि त्यांना मी काय हाक मारू?

दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. शहरात मित्राच्या आईवडिलांना काका-काकू म्हणण्याची रीत आहे आणि तिथे सहसा चूक होत नाही. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः खेडेगावात, मामा-मामी किंवा मावशी ऐकू येतं. ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत अंकल-आंटी किंवा चाचा-चाची चालतं. पण खरी गंमत वडिलांच्या बाबतीत होते. कितीतरी घरांत मुलं वडिलांनाच दादा, भाऊ, अण्णा, नाना किंवा तात्या म्हणतात. तुम्ही "दादा आहेत का?" असं मोठ्या भावासाठी विचारता आणि काकू फोन वडिलांच्या हातात देतात. नात्याने विचारण्याऐवजी नाव घेऊन विचारलं, "रोहितदादा आहेत का?", की हा घोळ होत नाही.

मित्राचं नावही तपासून घ्या. कॉलेजात आपण त्याला ज्या टोपणनावाने हाक मारतो ते घरी कुणाला ठाऊक नसतं, आणि कधी कधी ते ठाऊक नसलेलंच बरं असतं. घरातही त्याचं सोन्या, पिंट्या, बाळा असं काहीतरी लाडाचं नाव असतं. तुम्हाला ते माहीत असलं तरी वापरू नका, ते घरच्यांसाठी आहे. कागदावरचं नाव घ्या.

नंबर कसा लावायचा

लँडलाइन कधीच न वापरलेल्यांसाठी थोडक्यात. मोबाइलवरून लँडलाइनला फोन लावताना त्याच शहरात असलात तरी आधी शून्य आणि एसटीडी कोड, म्हणजे त्या शहराचा ठरलेला क्रमांक, लावावा लागतो. पुण्याचा ०२०, मुंबईचा ०२२, नाशिकचा ०२५३, नागपूरचा ०७१२, कोल्हापूरचा ०२३१, गोव्याचा ०८३२. सुरुवातीचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे होतात, म्हणून पुण्या-मुंबईत पुढचा नंबर आठ आकडी आणि नाशिक-कोल्हापुरात सात आकडी असतो. आकडे मोजले की नंबर अर्धवट लिहून घेतलाय का ते लगेच कळतं. उलट, लँडलाइनवरून मोबाइलला फोन करायचा तर १५ जानेवारी २०२१ पासून मोबाइल नंबरच्या आधी शून्य लावणं सक्तीचं आहे. मित्राच्या आजोबांनी "तुझा नंबर लागतच नाही रे" अशी तक्रार केली तर बहुतेक वेळा हे शून्य राहिलेलं असतं.

वेळ

इथे घाई करू नका, कारण बोलण्यातली चूक घरचे सहज पोटात घालतात, अवेळी आलेला फोन मात्र त्यांच्या लक्षात राहतो.

सकाळी नऊपर्यंत घरात पाणी, डबे, आंघोळी, देवपूजा यांची धांदल असते. साडेदहा ते साडेबारा ही वेळ चांगली, विशेषतः घरी काकू किंवा आजी-आजोबाच असतील तर. दुपारी एक ते चार फोन करू नये. जेवण आणि त्यानंतरची वामकुक्षी ही अनेक घरांत दिवसातली एकमेव निवांत वेळ असते, आणि पहाटे पाचपासून कामाला लागलेल्या बाईची ती झोप आपल्या जर्नलपेक्षा नक्कीच महत्त्वाची आहे. पाच ते सात पुन्हा बरी वेळ. साडेसातनंतर मालिका आणि जेवणं सुरू होतात. त्या वेळात फोन करावाच लागला तर दोन मिनिटांत आटपा.

रात्री साडेनऊनंतर घरच्या नंबरवर अगदी निकडीचं काम असेल तरच. ज्या पिढीने ट्रंक कॉलचा, म्हणजे परगावचा फोन ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा काळ पाहिलाय तिच्या मनात रात्रीची घंटा वाईट बातमीशी जोडलेली आहे. पूर्वी रात्री एसटीडीचे दर उतरायचे, त्यामुळे परगावी असलेल्या मुलांचे फोन उशिरा यायचे, पण ते ठरलेले असायचे आणि घर त्यांची वाट पाहत बसलेलं असायचं. तुमचा अकरा वाजताचा फोन तसा नसतो. फोनपर्यंत चालत येईपर्यंत त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत काय होत असेल याचा विचार करा.

खेड्यातलं वेळापत्रक वेगळं. तिथे दिवसभर माणसं रानात असतात, सकाळ-संध्याकाळ धारा काढून डेअरीला दूध घालायची घाई असते आणि रात्री नऊला घर झोपलेलं असतं. त्यामुळे संध्याकाळी साधारण सात ते आठ ही वेळ सापडते. गणपतीच्या दिवसांत आरतीच्या सुमारास कुठेच फोन करू नका. कोणी उचलणार नाही, आणि उचललाच तर झांजांच्या आवाजात काही ऐकू येणार नाही.

वाजू द्या

लँडलाइन वाजायला लागली की ती वाजू द्या. २०१९ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, घंटा किती वेळ वाजावी हे ठरवून दिलं: मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद. लँडलाइनची वेळ दुप्पट आहे ती उगीच नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला आतल्या खोलीतून हॉलपर्यंत यायला तेवढा वेळ लागतोच. पाच-सहा घंटांनंतर तुम्ही ठेवून देता, त्या नुकत्याच फोनपाशी पोचलेल्या असतात, आणि लगेच पुन्हा लावलात तर वाटेतून परत फिरून याव्या लागतात. एकदा पूर्ण वाजू द्यायचा, नाही उचलला तर अर्ध्या तासाने पुन्हा. लागोपाठ चार मिस्ड कॉल दिसले की घरचे काळजीत पडतात.

पहिलं वाक्य

पलीकडून "हॅलो" आलं की तुम्ही तीन गोष्टी सांगायच्या: नमस्कार, नाव, ओळख. त्यानंतर कामाचं विचारायचं.

"नमस्कार काकू, मी आदित्य बोलतोय, निखिलचा कॉलेजमधला मित्र. निखिल आहे का घरी?"

मुलगी असेल तर "मी मृण्मयी बोलतेय". एवढं वाक्य पाठ करून ठेवलं तरी निम्मं काम झालं. मराठी नवीन असेल तर ते सावकाश म्हणा आणि अडलं तर सरळ सांगा, "काकू, मी मराठी शिकतोय, जरा हळू बोलाल का?" हे ऐकून न सुखावणारी मराठी काकू मला अजून भेटलेली नाही. त्या हिंदीवर जातील, तुम्ही मात्र येईल तेवढं मराठीच बोलत राहा.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. फोन तुम्ही केलाय, तेव्हा "कोण बोलतंय?" हा प्रश्न विचारायचा अधिकार त्यांचा, तुमचा नाही. पलीकडे कोण आहे हे कळलं नाही तर "काकू बोलताय का?" असं विचारा. "ओळखलंत का?" हेही नको. तरुणांना त्यात आपुलकी वाटते, पण ज्यांची स्मरणशक्ती थोडी मंदावली आहे त्यांना तो प्रश्न फार बोचतो. ओळखलं नाही म्हणायचं तर समोरच्याला वाईट वाटणार, ओळखलं म्हणायचं तर पुढे फसगत होणार. त्यांना त्या पेचात टाकूच नका. याआधी दहा वेळा बोलला असलात तरी नाव सांगा.

आणि हल्ली आणखी एक कारण आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली आणि नातेवाईक असल्याचं भासवून म्हाताऱ्या माणसांना लुबाडण्याचे इतके प्रकार झाले आहेत की अनोळखी नंबरवर काही बोलू नका, असं घराघरांत मुलांनी आईवडिलांना बजावून ठेवलंय. त्यामुळे काका खोदून खोदून विचारत असतील, कुठलं कॉलेज, कुठे राहता, निखिलला कसे ओळखता, तर मनाला लावून घेऊ नका. शांतपणे उत्तरं द्या. त्यांनी फोन ठेवून आधी मुलाला विचारून घेतलं तर तेही बरोबरच केलं. तुम्ही मात्र फोनवर त्यांच्याकडे त्यांचा पत्ता, घरी आत्ता कोण आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी असलं काहीही मागू नका, कितीही साध्या हेतूने असलं तरी.

नमस्काराबद्दल थोडं. "नमस्कार" सगळीकडे चालतो. पण पलीकडून "रामराम" आला तर रामराम म्हणा. वारकरी घरातून "राम कृष्ण हरी" ऐकू येईल, कुठे "जय भीम", कुठे "सलाम". जो शब्द आला तोच परत द्यावा. फोन उचलणाऱ्याला त्या एका शब्दाने बरं वाटतं आणि पुढचं सगळं बोलणं सोपं होतं.

मोठ्यांशी बोलताना तुम्ही, आहात, सांगाल का, असंच बोला. मित्र स्वतः आईला आणि आजीला "अगं, तू" म्हणत असेल. त्याचा तो हक्क आहे, आपल्याला तो आपोआप मिळत नाही. मित्राबद्दल बोलताना "तो आहे का" ठीक आहे, पण त्याच्या मोठ्या भावंडांबद्दल "आहेत का", "आल्या का". "त्याला द्या" किंवा "त्याला बोलवा" हे व्याकरणात बरोबर असलं तरी कानाला हुकमासारखं लागतं. "जरा देता का त्याला?" किंवा "बोलावता का जरा?" म्हणा.

नंबर चुकला असेल तर गुपचूप ठेवून देऊ नका. "सॉरी हं, चुकून लागला" एवढं म्हणा. तपासायचं असेल तर आपण लावलेला नंबर वाचून दाखवा आणि तोच आहे का विचारा. "तुमचा नंबर काय?" असं अनोळखी घराला विचारू नये.

काकूंशी दोन शब्द

मित्राला बोलावण्याआधी किंवा नंतर काकू चौकशी करतात. जेवलास का, हॉस्टेलचं जेवण कसं आहे, घरी आईबाबा बरे आहेत ना. याला कामातला अडथळा समजू नका. मीठ-मसाला न लावता पण मनापासून उत्तर द्या आणि उलट विचारा: "तुमची तब्येत कशी आहे?", "काकांचं पाठीचं दुखणं बरं आहे का आता?" मागच्या वेळी त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट लक्षात ठेवून विचारलीत तर त्या घराशी तुमचं स्वतःचं नातं जुळायला लागतं. "ये की एकदा घरी" याला "हो, नक्की येतो" हे उत्तर. तारीख वगैरे लगेच ठरवायची नसते.

दोन-तीन मिनिटं झाली आणि काम खरंच घाईचं असेल तर "काकू, उद्या परीक्षा आहे म्हणून जरा गडबडीत आहे, निखिलला एक मिनिट देता का?" असं कारणासकट सांगा. कारण सांगितलं की कुणी रागवत नाही.

बोलावणं गेलं की तुम्ही लाइनवर असता आणि ते घर तुम्हाला ऐकू येत असतं. कुकरची शिट्टी, टीव्ही, "निखिल, फोन आलाय, उठ आता" ही आरोळी, कधी दोघांची बाचाबाचीसुद्धा. जे कानावर पडलं त्याचा नंतर उल्लेख करायचा नाही. आणि तिकडे तुम्हीही ऐकू येत असता, म्हणून शेजारी बसलेल्या मित्रांशी गप्पा, शिव्या, हसणं बंद. आईचा मोबाइल असेल तर तो बहुधा स्पीकरवर असतो. सगळं घर ऐकतंय असं धरूनच चाला.

मित्र फोनवर आल्यावर हेच ध्यानात ठेवा. तो हॉलमध्ये सगळ्यांच्या मध्ये उभा आहे. त्याला मोकळेपणाने बोलता येत नसतं. अशा वेळी हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारा. "जर्नल तुझ्याकडे आहे ना? सकाळी साडेसहाला आणशील?" निकाल, पैसे, भांडण, प्रेमप्रकरण हे विषय तिथे काढू नका. तो एकाएकी "हं, हं, बघू" असं तुटक बोलायला लागला तर समजून घ्या आणि आवरतं घ्या.

मुलाने मुलीच्या घरी, मुलीने मुलाच्या घरी

काही घरांत याचं काहीच वाटत नाही, काहींमध्ये फार वाटतं. आधी मैत्रिणीलाच विचारा की घरी फोन केलेला चालेल का. ती नको म्हणाली तर विषय संपला; तिला त्याचं कारण द्यावं लागू नये. चालणार असेल तर नाव आणि काम दोन्ही पहिल्याच दमात सांगा: "काका, मी सायलीच्या वर्गातला, उद्याच्या प्रोजेक्टबद्दल एक विचारायचं होतं." वडिलांचा आवाज ऐकून फोन कट करणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. नंबर स्क्रीनवर दिसतो, आणि पुढचे दोन तास त्याचा जाब ती देत बसते. दुसऱ्या मुलीला बोलायला लावून मग फोन आपण घ्यायचा, ही जुनी युक्तीही नको. पकडली गेली तर विश्वास मैत्रिणीवरचा उडतो, आपल्यावरचा नाही.

मित्र घरी नसेल तर

"जेवायला बसलाय", "झोपलाय", "आंघोळीला गेलाय" यावर एकच उत्तर: "असू दे काकू, उठवू नका, मी थोड्या वेळाने करतो." किती वेळाने ते सांगा आणि खरंच करा.

बाहेर गेला असेल तर निरोप ठेवावा लागतो. निरोप एकच असावा आणि एका वाक्यात मावणारा असावा. "त्याला सांगाल का, उद्या प्रॅक्टिकल सातलाच आहे, जर्नल घेऊन ये म्हणून?" तीन विषय सांगितलेत तर आजोबांना तिसराच लक्षात राहतो. नंबर द्यायचा असेल तर एकेक आकडा सुटा सांगा. जुनी माणसं जोडीने सांगतात, अठ्ठ्याण्णव, एकोणसत्तर, आणि मराठी शाळेत न शिकलेल्यांची तिथे दांडी उडते. उलटही होतं, आपण इंग्रजीत भराभर म्हणतो आणि आजोबांचा पेन्सिल शोधण्यात वेळ जातो. "लिहून घेताय का? थांबतो मी" म्हणा, सावकाश सांगा, आणि त्यांना परत वाचायला सांगण्याऐवजी आपणच पुन्हा एकदा म्हणून दाखवा. "त्याला मला फोन करायला सांगा" यापेक्षा "माझा फोन येऊन गेला एवढं सांगाल का?" हे सौम्य आहे. मित्राला अर्थ बरोबर कळतो.

आता अवघड प्रसंग. तुम्ही फोन करता आणि काकू म्हणतात, "अरे, तो तुझ्याकडेच आलाय ना अभ्यासाला?"

इथे क्षणभर थांबा. "हो हो, इथेच आहे" म्हणालात तर काकू लगेच म्हणणार, "मग दे त्याला." आणि "छे, माझ्याकडे कुठे!" म्हणालात तर घरी रात्री वादळ होणार. खोटं बोलू नका आणि चुगलीही करू नका. जेवढं तुम्हाला माहीत आहे तेवढंच सांगा: "माझी अजून भेट नाही झाली काकू. मी बघतो आणि त्याला तुम्हाला फोन करायला सांगतो." मग खरोखरच त्याला शोधा आणि घरी फोन करायला लावा. पण रात्र झाली असेल, त्याचा पत्ता नसेल आणि काकूंच्या आवाजात खरी भीती असेल, तर मैत्री म्हणजे गोष्टी लपवणं नाही. तो कुठे असू शकतो, कोणाबरोबर गेला, हे माहीत असेल ते स्वच्छ सांगून टाका. मित्र चार दिवस बोलणार नाही. नंतर बोलेल.

फोन ठेवताना

मित्राशी बोलणं झालं की शक्य असेल तर "काकूंना नमस्कार सांग" म्हणा. मोठ्यांशीच बोलत असाल तर "ठेवतो हं काकू", "बरं, ठेवू का?" आणि अवेळी केला असेल तर "उगाच त्रास दिला तुम्हाला" एवढं पुरतं. कट त्यांना आधी करू द्या. त्यांना शेवटच्या क्षणी काहीतरी आठवतं, "अरे, आणि एक सांगायचं राहिलं". पाच-सहा सेकंद थांबूनही त्यांच्याकडून कट झाला नाही तर मग आपण करा. कारण म्हाताऱ्या माणसांना स्क्रीनवरचं लाल बटण सापडत नाही, फोन चालूच राहतो आणि त्यानंतरचं घरातलं बोलणं आपल्या कानावर पडतं, ते आपल्यासाठी नसतं.

काही वेगळी घरं

मैत्रिणीच्या सासरी फोन करायचा तर एक चौकशी जरूर करा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत अजून काही घरांत आहे. तुम्ही शाळेतली स्वप्ना मागता आणि सासूबाई म्हणतात, या नावाचं इथे कोणी नाही. तिथलं नाव माहीत करून घ्या आणि ओळख सांगताना "मी तिची शाळेतली मैत्रीण" असं सांगा, म्हणजे सासूबाईंना संदर्भ लागतो. सासूबाईंना काकूच म्हणावं. त्यांच्याशी दोन मिनिटं आधी बोलणं हे इथे माहेरच्या घरापेक्षाही जास्त गरजेचं आहे, कारण तुमच्या वागण्यावरून तिच्या माणसांची परीक्षा होत असते. हे असं असायला नको, पण आहे, आणि आपल्यामुळे तिला ऐकून घ्यावं लागू नये.

घरात कोणी गेलं असेल तर "कसे आहात?" ने सुरुवात करू नका. "काकू, मी आदित्य. आत्ताच कळलं." इतकं म्हणून थांबा. त्या बोलतील तेवढं ऐका. कसं झालं, किती वाजता झालं, हे विचारू नका; ते त्यांनी सकाळपासून पन्नास जणांना सांगितलेलं असतं. काही लागलं तर सांगा, या मोघम वाक्यापेक्षा "मी उद्या सकाळी येतोय, येताना काही आणायचं आहे का?" हे उपयोगी पडतं.

मित्र परदेशात आणि त्याचे आईवडील इथे, हे चित्र आता पुण्या-मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत दिसतं. इथे राहणाऱ्या मित्राने पंधरवड्यातून एकदा त्यांना फोन करावा. त्यासाठी काम असावं लागत नाही. परदेशातून फोन करणाऱ्यांनी वेळेचं गणित पक्कं करावं: न्यू यॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. तिथले रविवार सकाळचे नऊ म्हणजे इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि थंडीत साडेसात. बाहेरून लँडलाइन लावताना +९१ नंतर एसटीडी कोडचं शून्य गाळायचं, म्हणजे पुण्यासाठी +९१ २०. आणि परदेशी नंबर पाहून ते उचलणार नाहीत, फसवणुकीच्या भीतीने त्यांनी उचलूही नये, म्हणून आधी व्हॉट्सॲपवर नाव लिहून मेसेज टाका.

वाईट बातमी द्यावी लागली तर

मित्राला अपघात झाला, तुम्ही सोबत आहात आणि घरी कळवायचं आहे. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलावून झाली की मगच घरचा नंबर लावा. दोन मिनिटं आधी कळवून कुणाचा फायदा होत नाही.

फोन आजींनी किंवा लहान भावंडाने उचलला तर त्यांना सांगू नका. नेहमीच्या आवाजात "काका आहेत का घरी?" विचारा. कोणीच मोठं नसेल तर काकांचा मोबाइल नंबर मागून घ्या. काका गाडी चालवत असतील तर आधी बाजूला घ्यायला सांगा.

"घाबरू नका" हे शब्द सुरुवातीला उच्चारू नका. ते ऐकल्यावर पुढचं काहीच ऐकू येत नाही. जी गोष्ट खरी आणि धीर देणारी आहे ती आधी सांगा: "काका, मी आदित्य. निखिल शुद्धीवर आहे, बोलतोय. त्याची गाडी घसरली, पायाला लागलंय. आम्ही त्याला दवाखान्यात नेतोय." शुद्धीवर नसेल तर आहे म्हणू नका, "डॉक्टर बघताहेत" एवढं सांगा. मग दवाखान्याचं नाव, तो कुठल्या चौकाजवळ आहे, आणि तुमचा नंबर. हे तिन्ही लगेच मेसेजनेही पाठवा, कारण त्या अवस्थेत ऐकलेलं लक्षात राहत नाही. खर्च, चूक कोणाची, हेल्मेट होतं का, हे फोनवर नको. काकांनी एकट्याने गाडी चालवत न येता शेजारच्या कोणाला सोबत घेऊन यावं, हे आवर्जून सुचवा.

त्यानंतर बाकीच्या मित्रांना कळवायचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर सोपवा. तुमचा फोन एंगेज ठेवू नका आणि चार्जर मागून घ्या. काका दवाखान्यात पोचेपर्यंत त्या घरातलं कोणीही, कितीही वेळा तुम्हाला फोन करणार आहे, आणि तो पहिल्या घंटेला उचलायचा आहे.